कथा-कादंबऱ्यांचे वाचन घटते, तेव्हा नेमके काय घटते?

‘हल्लीची मुले वाचत नाहीत’ ही तक्रार शिक्षकांच्या खोलीत फार जुनी आहे, आणि ती बहुतेक वेळा पुराव्याविना केली जाते. आपल्या लहानपणी वर्गातल्या साठ मुलांपैकी किती जण आपणहून गोष्टीची पुस्तके वाचत होते हे कोणी मोजून ठेवलेले नसते. आठवणीत राहतात ते वाचणारे दोघे-चौघे, आणि त्यांची तुलना आपण आजच्या सबंध वर्गाशी करतो. असा नमुना कोणत्याही प्रयोगशाळेत चालणार नाही. म्हणून तक्रार खरी की खोटी हे ठरवण्याआधी मोजलेले आकडे पाहू.

ललित साहित्याच्या वाचनाची दीर्घकाळ मोजणी झाली आहे ती अमेरिकेत. तेथील ‘नॅशनल एंडाउमेंट फॉर द आर्ट्स’ ही सरकारी संस्था १९८२ पासून ठरावीक वर्षांच्या अंतराने प्रौढांना एक साधा प्रश्न विचारत आली: गेल्या १२ महिन्यांत, नोकरीसाठी किंवा अभ्यासासाठी नव्हे तर आपल्या हौसेने, तुम्ही एखादी कादंबरी, कथा, कविता किंवा नाटक वाचले का? कसोटी किती सोपी आहे पाहा. वर्षभरात एक कविता वाचली तरी तो माणूस ‘वाचक’ म्हणून मोजला जाई. तरीसुद्धा १९८२ मध्ये असे वाचक ५६.९ टक्के होते, १९९२ मध्ये ५४ टक्के आणि २००२ मध्ये ४६.७ टक्के. १८ ते २४ या वयोगटात घसरण अधिक तीव्र होती: वीस वर्षांत ५९.८ वरून ४२.८ टक्के. २००८ मध्ये आकडा ५०.२ वर चढला आणि संस्थेने आनंदाने तसा अहवालही काढला, पण ती चढण टिकली नाही. फक्त कथा-कादंबऱ्यांपुरते पाहिले तर २०१२ मध्ये ४५.२ टक्के प्रौढ त्या वाचत होते, २०२२ मध्ये ३७.६ टक्के. त्यातही स्त्रिया ४६.९ टक्के आणि पुरुष अवघे २७.७ टक्के!

यावर कोणी म्हणेल की लोक पुस्तके वाचत नसतील, पण दुसरे काही तरी वाचतच असतील. या शंकेसाठी वेगळ्या प्रकारची मोजणी उपयोगी पडते. अमेरिकेत दरवर्षी हजारो लोकांकडून कालच्या दिवसाचा तासातासाचा हिशेब घेतला जातो. २००३ ते २०२३ या काळातील २ लाख ३६ हजार लोकांच्या अशा नोंदींचे विश्लेषण २०२५ मध्ये प्रसिद्ध झाले. त्यात मासिके, वर्तमानपत्रे, पडद्यावरची पुस्तके हे सारे ‘वाचन’ म्हणून धरले होते. एखाद्या दिवशी आनंदासाठी काहीही वाचणाऱ्यांचे प्रमाण २००४ मध्ये २८ टक्के होते, ते २०२३ मध्ये १६ टक्क्यांवर आले.

मुलांचे चित्र याहून वेगळे नाही. ब्रिटनमध्ये ८ ते १८ वयाच्या मुलांपैकी फावल्या वेळात वाचायला आवडते असे म्हणणारी २००५ मध्ये ५१.४ टक्के होती आणि २०२५ मध्ये ३२.७ टक्के. अमेरिकेत जवळजवळ रोज हौसेने वाचणारी १३ वर्षांची मुले १९८४ मध्ये ३५ टक्के, २०१२ मध्ये २७ टक्के, तर २०२३ मध्ये १४ टक्के निघाली. फोन हे एकमेव कारण मानणाऱ्यांनी पहिल्या दोन आकड्यांकडे आणि वर दिलेल्या १९८२ ते २००२ च्या घसरणीकडे पुन्हा पाहावे. उतार फोनच्या आधीपासून होता. फोनच्या काळात तो अधिक उभा झाला.

आपल्याकडे प्रश्नाचे रूप वेगळे आहे. नॅशनल बुक ट्रस्टने २००९ च्या सुमारास करवून घेतलेल्या पाहणीत साक्षर तरुणांपैकी सुमारे एक चतुर्थांशच पाठ्यपुस्तकांपलीकडची पुस्तके वाचणारे निघाले. आणि ग्रामीण भारतात पाचवीतील मुलांपैकी दुसरीच्या पातळीचा उतारा वाचू शकणारी मुले २०२४ च्या ‘असर’ पाहणीनुसार सुमारे ४९ टक्के आहेत. ‘घट’ हा शब्द ज्यांच्याकडे काही होते त्यांना लागू पडतो. आपल्याकडे भरती किनाऱ्यापर्यंत पोचण्याआधीच ओहोटी लागण्याची भीती आहे, आणि पहिल्या पिढीच्या वाचकाला ती सर्वांत महाग पडेल.

वाचणारा मेंदू

लिपीचा शोध लागून जेमतेम पाच हजार वर्षे झाली. उत्क्रांतीच्या हिशेबात हा काळ इतका थोडा आहे की, बोलण्याप्रमाणे वाचनासाठी मेंदूत जन्मजात तजवीज होणे शक्य नाही. प्रत्येक मुलाला ती नव्याने करावी लागते. मेंदूच्या डाव्या बाजूला, मागच्या व खालच्या भागात, दृश्य वस्तू ओळखणाऱ्या पट्ट्यात एक लहानसा भाग वाचनाच्या सरावाने अक्षरे ओळखण्यात तरबेज होतो. फ्रेंच शास्त्रज्ञ स्तानिस्लास दहेन यांनी त्याला ‘पत्रपेटी’ म्हटले आहे. कोणत्याही लिपीच्या वाचकात हा भाग जवळपास त्याच ठिकाणी सापडतो.

आपल्या दृष्टीने अधिक जवळचा प्रयोग लखनौच्या परिसरातील खेड्यांत झाला. तेथील तिशीच्या आसपासच्या निरक्षर प्रौढांना सहा महिने देवनागरी लिहा-वाचायला शिकवले आणि आधी व नंतर त्यांच्या मेंदूच्या प्रतिमा घेतल्या. २०१७ मध्ये प्रसिद्ध झालेल्या निष्कर्षांनी संशोधकांनाही चकित केले. बदल मेंदूच्या बाह्यस्तरापुरता राहिला नव्हता. मेंदूच्या खोल आणि उत्क्रांतीच्या दृष्टीने जुन्या भागांचे, डोळ्यांच्या हालचाली व लक्ष यांच्याशी संबंधित केंद्रांचे, दृष्टिकेंद्राशी असलेले कामकाज अधिक सुसूत्र झाले होते. तिशीतल्या माणसाच्या मेंदूत सहा महिन्यांत हे घडते, ही प्रौढ शिक्षणाच्या वर्गात शिकवणाऱ्यांनी लक्षात ठेवावी अशी गोष्ट आहे.

पण अक्षर ओळखणे म्हणजे वाचन नव्हे. डोळा ओळीवरून सरकत जात नाही, तो उड्या मारतो. प्रत्येक थांबा साधारण पाव सेकंदाचा. या पाव सेकंदात शब्द ओळखला गेला नाही तर थांबा लांबतो, मागे वळून पाहावे लागते आणि वाक्याच्या सुरुवातीला काय होते ते निसटते. देवनागरीत ऱ्हस्व वेलांटी उच्चारात व्यंजनाच्या नंतर येते पण कागदावर आधी. जोडाक्षरे आपली रूपे बदलतात. हे सारे विनासायास व्हायला हजारो नव्हे, लाखो शब्द डोळ्यांखालून जावे लागतात. पाठ्यपुस्तके सगळी मिळूनही तेवढा सराव देऊ शकत नाहीत.

शब्दांची मिळकत

हा सराव मुलांमध्ये किती विषम वाटला जातो याची एक मोजणी प्रसिद्ध आहे. १९८८ मध्ये अँडरसन, विल्सन आणि फील्डिंग या संशोधकांनी अमेरिकेतील पाचवीच्या १५५ मुलांकडून शाळेबाहेरच्या वेळेची रोजनिशी ठेवून घेतली. बरोबर मधले मूल दिवसाला सरासरी ४.६ मिनिटे पुस्तक वाचत होते. म्हणजे वर्षाला सुमारे २ लाख ८२ हजार शब्द. शंभरात वरच्या दोघांमध्ये बसणारे मूल दिवसाला ६५ मिनिटे वाचत होते. वर्षाचे ४३ लाख ५८ हजार शब्द. आणि खालून दहाव्या क्रमांकावरचे मूल दिवसाला ०.१ मिनिट, वर्षाला सुमारे ८ हजार शब्द. पहिल्या मुलाने एका वर्षात वाचले तितके वाचायला मधल्या मुलाला पंधरा वर्षे लागतील. शेवटच्याला पाचशेहून अधिक!

याला दुसऱ्या एका मोजणीची जोड देऊ. हेज आणि अहरेन्स यांनी त्याच वर्षी, दर हजार शब्दांत किती शब्द ‘दुर्मीळ’ म्हणजे इंग्रजीतील सर्वाधिक वापराच्या दहा हजार शब्दांबाहेरचे असतात, हे निरनिराळ्या ठिकाणी मोजले. पदवीधर प्रौढांच्या आपसातल्या गप्पांत असे १७.३ शब्द सापडले, मोठ्यांसाठीच्या दूरदर्शन मालिकांत २२.७, आणि लहान मुलांच्या पुस्तकांत ३०.९. उच्चशिक्षित माणसांच्या बोलण्यापेक्षा मुलांचे गोष्टीचे पुस्तक शब्दांनी अधिक श्रीमंत! कारण सरळ आहे. बोलताना हातवारे, चेहरा आणि समोरची वस्तू मदतीला असते. ‘ते तिकडचं घे’ एवढ्यावर भागते. लेखकाला कोनाडा, फळी, शिंके यांतले नेमके काय ते सांगावे लागते.

दोन्ही आकड्यांचा गुणाकार करा. वरच्या मुलाची वर्षाला दुर्मीळ शब्दांशी सुमारे १ लाख ३५ हजार वेळा गाठ पडते, मधल्याची पावणेनऊ हजार वेळा आणि खालच्याची अडीचशे वेळा. हे आकडे इंग्रजीचे आहेत आणि जसेच्या तसे मराठीला लावू नयेत. आपल्याकडे ‘घराजवळच्यांनीसुद्धा’ हा एकच शब्द इंग्रजीतील चार-पाच शब्दांचे काम करतो, त्यामुळे शब्दांची मोजदादच वेगळी होईल. पण प्रमाणातील ही दरी भाषा बदलल्याने बुजेल असे मानायला आधार नाही.

ज्याला शब्द अधिक येतात त्याला वाचन सोपे जाते, म्हणून तो अधिक वाचतो, म्हणून त्याचे शब्द आणखी वाढतात. चक्रवाढ व्याजच हे. कॅनडातील मानसशास्त्रज्ञ कीथ स्टॅनोविच यांनी १९८६ मध्ये याला बायबलमधील एका वचनावरून ‘मॅथ्यू परिणाम’ असे नाव दिले. बँकेतील चक्रवाढ व्याजाला मुद्दल लागते. येथे मुद्दल म्हणजे घरातील पुस्तके आणि वाचून दाखवणारे कोणी तरी. ते ज्या घरात नाही तेथे शाळेखेरीज दुसरे दार नाही.

हे दार उघडले तर किती फरक पडतो? ब्रिटनमध्ये १९७० साली एकाच आठवड्यात जन्मलेल्या सुमारे १७ हजार मुलांचा जन्मापासून मागोवा घेतला जात आहे. अ‍ॅलिस सलिव्हन आणि मॅट ब्राउन यांनी २०१३ मध्ये या माहितीतून असे दाखवले की, सारख्या घरातील आणि पाचव्या व दहाव्या वर्षी चाचण्यांत सारखे गुण मिळवणाऱ्या मुलांपैकी जी आनंदासाठी वाचत राहिली, ती सोळाव्या वर्षी शब्दसंग्रहात, शुद्धलेखनात आणि गणितातही पुढे गेली होती. हा परिणाम पालकांपैकी कोणी पदवीधर असण्याच्या परिणामाच्या चौपट होता.

गणितात का, असा प्रश्न पडेल. आठवीतले हे उदाहरण घ्या: ‘ज्या संख्येच्या तिपटीतून ५ वजा केल्यास येणारी वजाबाकी त्या संख्येपेक्षा ९ ने मोठी असते, ती संख्या कोणती?’ समीकरण दोन ओळींचे आहे आणि उत्तर ७. पण ‘ज्या’ने सुरू झालेली गाठ ‘ती’पाशी सुटेपर्यंत मुलाला मधले सगळे मनात धरून ठेवावे लागते. घरी कोणी असे बोलत नाही. घरी आपण म्हणतो, ‘एक संख्या आहे, तिची तिप्पट केली, मग त्यातून पाच काढले...’. मालवणी, वऱ्हाडी किंवा अहिराणी बोलणाऱ्या घरातील मुलाला तर ही वाक्यरचना आणखी परकी. ‘जो-तो’, ‘जेव्हा-तेव्हा’, ‘खेरीज’, ‘अन्यथा’ यांच्या लांब वाक्यांची सवय लागते ती गोष्टींच्या पुस्तकांतून, कारण पुढे काय झाले हे कळण्याच्या ओढीने मूल असे वाक्य आपणहून पार करते. गणितात चुकलेल्या मुलाला पुन्हा गणितच घालण्याआधी, ते उदाहरण त्याला स्वतःच्या शब्दांत सांगता येते का, हे पाहावे.

गोष्टच कशाला?

शब्द आणि वाक्येच हवीत तर माहितीची पुस्तके वाचली म्हणून काय बिघडले? विज्ञानाची पुस्तके लिहिणाऱ्या-वाचणाऱ्या आमच्यासारख्यांना या प्रश्नाचे उत्तर थोडे टोचते. जेरिम आणि मॉस यांनी २०१९ मध्ये, ३५ देशांतील १५ वर्षांच्या अडीच लाखांहून अधिक मुलांची माहिती तपासली. वर्तमानपत्रे, मासिके, चित्रकथा किंवा माहितीपर पुस्तके वारंवार वाचणे आणि वाचनचाचणीतील गुण यांत म्हणण्यासारखा संबंध दिसला नाही. कथा-कादंबऱ्या वारंवार वाचणाऱ्यांत मात्र तो स्पष्ट दिसला. अर्थात येथे एक जागा मोकळी राहते: मुळात चांगले वाचणारी मुलेच कादंबरीकडे वळत असतील.

तरीही यामागे समजण्याजोगे कारण आहे. माहितीचे पुस्तक आपण हवे तेथे उघडतो आणि हवे ते घेऊन मिटतो. कादंबरीत तसे करता येत नाही. व्यंकटेश माडगूळकरांची १९५५ मध्ये प्रसिद्ध झालेली ‘बनगरवाडी’ पुष्कळ शिक्षकांनी वाचलेली असेल, कारण तिचा निवेदकच धनगरांच्या वाडीत आलेला तरुण शाळामास्तर आहे. त्याच्यापुढे पहिला प्रश्न उभा राहतो तो मुलांचा. मुलगा शाळेत बसला तर मेंढरांमागे जाणार कोण? दुष्काळी भागातील पर्जन्यमान, मेंढपाळांचे अर्थकारण आणि स्थलांतर यांवर माहितीचा चांगला लेख लिहिता येईल, आणि तो सगळे उघड सांगेल. कादंबरी उघड सांगत नाही. कारभारी मास्तराशी असा का वागतो, वाडीचा अविश्वास कोठे आणि कसा विरघळला, हे वाचणाऱ्याने चाळीस पाने मागचे आठवून जुळवायचे असते. दुष्काळात वाडी उठून जाते तेव्हा आपल्याला जे वाटते, ते तोवर मनात बांधलेल्या त्या वाडीमुळे. न सांगितलेले ताडणे आणि दूरवर पसरलेले धागे हातात ठेवणे, याचा सराव इतका स्वस्तात दुसरीकडे मिळत नाही.

एक दावा, जरा जपून

साहित्य वाचल्याने माणूस अधिक सहृदय होतो, असे भाषणांत नेहमी सांगतात. २०१३ मध्ये किड आणि कास्तानो यांच्या प्रयोगांनी या म्हणण्याला विज्ञानाचा शिक्का मिळाल्यासारखे झाले. प्रयोगात काही लोकांना दर्जेदार कथांची थोडी पाने वाचायला दिली, मग केवळ डोळ्यांच्या छायाचित्रांवरून समोरच्याची भावना ओळखायला सांगितली. कथा वाचलेल्यांना ती अधिक अचूक ओळखता आली. बातमी जगभर पसरली. २०१६ मध्ये दुसऱ्या संशोधकांनी ७९२ जणांवर तोच प्रयोग केला, तेव्हा परिणाम मिळाला नाही. २०१८ मध्ये नामांकित नियतकालिकांतील २१ सामाजिक प्रयोगांची फेरतपासणी झाली. त्यांपैकी १३ टिकले आणि हा न टिकलेल्यांत होता. त्याच वर्षी अशा १४ अभ्यासांची एकत्रित छाननी झाली, तिच्यात परिणाम शून्य नाही पण अगदी लहान आहे असे दिसले.

चार पाने वाचून स्वभाव बदलेल ही अपेक्षाच अवास्तव होती, असे माझे मत आहे. वर्षानुवर्षांच्या वाचनाने काय होते हा निराळा प्रश्न, आणि तो तासाभराच्या प्रयोगाने सुटणार नाही. शिक्षकांनी मुलांना पुस्तक देताना ‘याने तू चांगला माणूस होशील’ असे सांगू नये एवढे मात्र नक्की. ते सिद्ध झालेले नाही, आणि असे सांगितल्यावर कोणते मूल आवडीने पुस्तक उघडेल?

असाच सावधपणा समाजाविषयीच्या आकड्यांबाबत हवा. अमेरिकेतील २००२ च्या पाहणीत साहित्य वाचणाऱ्यांपैकी ४३ टक्के लोक स्वयंसेवी किंवा धर्मादाय काम करत होते, न वाचणाऱ्यांपैकी १७ टक्के. वाचनाने समाजसेवा वाढते असा अर्थ यातून लगेच काढता येत नाही. ज्यांना शिक्षण, उत्पन्न आणि फुरसत आहे ते दोन्ही करत असतील. मला समाजाचा खरा धोका दिसतो तो अधिक रोकडा आहे. कर्जाचा करार, विम्याच्या अटी, न्यायालयाचा आदेश, भूसंपादनाची नोटीस ही सारी लांब वाक्यांची आणि गाठी असलेली भाषा आहे. ती स्वतः वाचून ‘ही अट मला मान्य नाही’ म्हणू शकणारे थोडे आणि दुसऱ्याकडून वाचून घेणारे पुष्कळ, असा समाज कायद्याने समान असला तरी व्यवहारात समान राहत नाही.

वर्गात करता येण्याजोगी मोजणी

‘तू किती वाचतोस?’ असे विचारल्यास मुले फुगवून सांगतात. म्हणून स्टॅनोविच आणि वेस्ट यांनी १९८९ मध्ये एक साधी युक्ती काढली, ती मराठीत सहज करता येईल. चाळीस नावांची यादी करावी. त्यांपैकी वीस खऱ्या लेखकांची: भा. रा. भागवत, लक्ष्मीबाई टिळक, नारायण धारप, जयंत नारळीकर, अनिल अवचट, माधुरी पुरंदरे अशी, मुलांच्या वयाला साजेशी. उरलेली वीस शिक्षकांनी बनवलेली, कोणत्याही लेखकाची नसलेली. खरी-खोटी सरमिसळ करून ‘यांतील जे लेखक आहेत असे तुम्हाला खात्रीने ठाऊक आहे त्यांच्यापुढे खूण करा’ असे सांगावे. खऱ्या नावांवरच्या खुणांतून खोट्या नावांवरच्या खुणा वजा केल्या की गुण मिळतो. त्यामुळे अंदाजपंचे खुणा करणाऱ्याचा फायदा होत नाही.

एक पथ्य पाळावे लागेल. त्या वर्गाच्या किंवा आधीच्या इयत्तांच्या पाठ्यपुस्तकांत ज्यांचे धडे-कविता आहेत अशी नावे यादीत घेऊ नयेत, नाही तर मोजले जाईल ते पाठांतर. यादी जूनमध्ये एकदा आणि मार्चमध्ये एकदा द्यावी, दोन्ही वेळा खोटी नावे निराळी. मधल्या काळात एका तुकडीत रोज दहा मिनिटे शिक्षकांनी कादंबरी क्रमशः वाचून दाखवावी आणि ती पुस्तके मुलांच्या हाती लागतील अशी उघड्या फळीवर ठेवावीत. दुसऱ्या तुकडीत नेहमीसारखे चालू द्यावे. अर्थात दुसऱ्या तुकडीला पुढल्या वर्षी तीच दहा मिनिटे द्यायला विसरू नये. कागदावर नाव न लिहिता मुलांना आपापले एक चिन्ह काढायला सांगावे, म्हणजे दोन्ही वेळचे कागद जुळवता येतात आणि परीक्षा आहे असे वाटून कोणी शेजाऱ्याच्या कागदात डोकावत नाही.